कालच्यापेक्षा बेटर

अम्मा, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता वीस वर्षांनी मोठी आहे, तरी हे लिहिताना पदर नीट करून बसले आहे. तू आजारी पडलीस त्या वर्षी मी तिरुचीची शिकवण्याची नोकरी सोडून तंजावरला आले. डॉक्टर रोज सकाळी यायचे, नाडी बघून म्हणायचे, ‘बेटर, मामी, बेटर.’ इंग्रजीतला तेवढा एकच शब्द तुला आवडला आणि तू तो सगळ्याला लावलास. रसम कालच्यापेक्षा बेटर, दूध बेटर, समोरच्या सुनेचा स्वभावसुद्धा बेटर. मी पडले मास्तरीण. तुला सुनावलं, बेटर म्हणजे बरी नव्हे, कालच्यापेक्षा बरी, एवढंच. तू उशीवरून विचारतेस, ‘मग बरी कधी म्हणायचं?’ मी थर्मामीटर झटकत राहते.

भाऊ, आपला अण्णा, दिल्लीला होता. घरात आपण मराठी बोलायचो, पण देवनागरी कुणालाच येत नव्हती. तू तमिळ वाचायचीस, आम्ही भावंडं एकमेकांना इंग्रजीत लिहायचो. त्याचं पत्र आलं, रजा मिळते आहे, निघू का? नेमके त्या सकाळी डॉक्टर बेटर म्हणाले नव्हते. मला ओसरीवर बोलावून म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी तिथेच बसून लिहिलं की अम्मा बेटर आहे, घाई करू नकोस.

‘काय लिहिलीस?’ तू आतून विचारलंस.

‘बेटर.’

‘बेटर म्हणून लिहिलीस तर तो कशास येईल?’

अंग पुसायचंय, कुशीवर हो, असं मी म्हणाले. तू मुकाट्यानं झालीस. पत्र अजून माझ्या हातातच होतं. दुपारी मी स्वतः जाऊन ते टपालपेटीत टाकलं.

पाचव्या दिवशी तू गेलीस. तार मिळून अण्णा आला तेव्हा सगळं उरकलं होतं. उंबऱ्यातच त्यानं विचारलं, ‘बेटर होती ना?’ डॉक्टर तसंच म्हणत होते, मी सांगितलं. त्यानं ते शेवटपर्यंत खरं मानलं. चार महिने तुझी वेणी मी घातली, पेज मी भरवली, आणि फाटक वाजलं की तू मान वळवायचीस ती त्याच्यासाठी. उरलेले दिवस मला एकटीला हवे होते.

देवनागरी मी पन्नाशीनंतर शिकले. हे पत्र तमिळमध्ये लिहायला हवं होतं, तुला वाचता येईल असं. काल तशी सुरुवात केली होती. ‘अम्मा’च्या पुढे हात गेला नाही.