घंटा आली, पण टोपी गेली

चवळीखाऊंचे शिरोमणी, माजी गार्ड फिली त्राओरे यांस, स्टेशनमास्तर सेरिबा दियारा (निवृत्त, पण जागचे न हललेले) यांचा सलाम.

तू बरा ना? बायको, मुलगे, सुना, सुनांच्या शेळ्या बऱ्या ना? गुडघे काय म्हणतात? (गाडी थांबली आणि गार्डाचे गुडघे धरले, असं मी गावात सांगतो.) इकडे सर्व क्षेम. प्रवासी गाडी बंद होऊन सहा वर्षं झाली, पण मला त्याचं काडीइतकंही दुःख नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता बस येते, आणि म्हणे वेळेवर येते. त्यात कसलं आलंय कौतुक? आपली डाकारची गाडी दोन दिवसांची वाट चार दिवसांत कापायची, म्हणून तर माणसांना माणसं कळायची. फलाटावर दूध नि आंबे विकून इथल्या बायकांनी घरं बांधली. आमची नान्तेनिन मावशीकडे डाकारला निघाली होती. इंजिन बिघडून तीन दिवस इथं अडकली, ती अजून इथंच आहे. वक्तशीर बस असती तर मी आजही सडाफटिंग असतो.

गाडी नसली तरी सकाळी दहाला मी घंटा देतच आलो. त्यावर गावातल्या बायका चुलीवर भात चढवतात. गेल्या महिन्यात तीच घंटा न्यायला बामाकोच्या रेल्वे कचेरीतून एक तरुण साहेब मोटार घेऊन आला. कागद, शिक्का, सगळं जय्यत. मी नाव विचारलं, तर त्राओरे! मला हत्तीचं बळ आलं. दियारांनी नि त्राओऱ्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, रागावू नये, आणि हक्कानं मागितलेलं नाकारू नये, ही वाडवडिलांची रीत. साहेब झाला म्हणून ती चुकते का? मी आपल्या ठरलेल्या शिवीनं, ‘चवळीखाऊ’ म्हणत, त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्याच्यापुढे चवळीचाच ढीग वाढला आणि घंटा मागितली. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घंटा राहिली. मी जिंकलो.

मोटारीत बसता बसता तो वळला आणि म्हणाला, “काका, आता माझी पाळी. तुमची टोपी द्या.”

एकतीस वर्षं डोक्यावर होती ती. नान्तेनिन दारातून बघत होती. मी दिली. रीत म्हणजे रीत. पठ्ठ्यानं ती तिरकी घातली आणि गेला.

मला काही वाटलं नाही. फक्त बोडक्या डोक्यानं घंटा द्यायची नाही, असा नियम आहे (मीच केलेला), त्यामुळे महिनाभर ती मुकी आहे आणि गावात भात कधी कच्चा, कधी करपलेला.

तुझा आणि तुझ्या अख्ख्या कुळाचा मालक,
सेरिबा

ता. क. तुझी गार्डाची टोपी खुंटीवर धूळ खाते, असं कळलं. ती मला हवी. तू त्राओरे, मी दियारा. नाही म्हणायची सोय नाही.

आणखी ता. क. टोपी टपालानं पाठवू नकोस. डोक्यावर घालून, त्या मेल्या बसनं का होईना, स्वतः घेऊन ये. घंटा मी देईन, पण नंतर शिटी फुंकायला गार्ड लागतो. वर दुःखाबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. चवळीबद्दलचं सगळं खरं.