‘बिगुल’चं मागचं दार

३ नोव्हेंबर २०२५
लिही संहिता, मी बोलते तसं. मधे सुधारू नकोस. आजीला अक्षर येत नाही म्हणून नातीला जो मोठेपणा आलाय, तो चपलांपाशी ठेवून ये.
तर, हिच्या भावाचं, माझ्या नातवाचं नाव पंचशील. पाचवं शील काय, तर दारूला शिवणार नाही. आणि हा काढतोय दारूचं दुकान. ‘दुकान नाही आजी, पब आहे.’ बरं. विजय नगरच्या ऑफिसातली नोकरी सोडून साहेब पेग भरणार. नाव बदल म्हटलं, चारशील ठेव.

४ नोव्हेंबर
जागा राऊ गावाच्या पुढे, महूच्या छावणीच्या जरा अलीकडे. गोऱ्यांच्या वेळचा ‘बिगुल’. छावणीतले साहेब यायचे तिथे. गोरे गेले, मग एका पारशी शेठनं चालवला. पुढे साठ वर्षं कुलूप. माझे बाबा, बाबूराव, तिथे ग्लास धुवायचे. एकेक ग्लास उजेडाकडे धरून बघायचे. सवयच ती. घरचा पितळी तांब्याही तसाच उजेडाकडे धरायचे – त्यातून काय दिसणार!

८ नोव्हेंबर
पंचशील माझ्या गुडघ्याशी येऊन बसला. ‘आजी, तू नाही म्हणालीस तर नाही उघडणार. पक्का.’
विचार करते, म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला, जशी उन्हात विसरलेली मेथी.
घाबरणारच. बाबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, पाचवं शील म्हटलं, आणि परत आल्या दिवशी ‘बिगुल’ची नोकरी सोडली, हे आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहे. मीच सांगितलंय. बारशात, लग्नात, दर चौदा एप्रिलला.

९ नोव्हेंबर
आज काही नाही. गुडघा.

१२ नोव्हेंबर
मला गाडीत घालून दाखवायला नेलं. पुढच्या दारात पाय अडला माझा. ‘आजी, पायरी नाहीये तिथे,’ पंचशील म्हणाला. मला दिसत होतं.
आत दिवे नवे, फरशी तीच. मागचं दारही तेच. कडी उचलून डावीकडे ढकलावी लागते, माझा हात आपोआप गेला. रामभाऊ मिस्त्री बघतच राहिले. ‘भिया, ये तो मुझसे आठ दिन में नहीं खुली. आजींना कसं जमलं?’
म्हातारीला कड्या ऐकतात, म्हटलं.
मग पंचशीलनं भिंत दाखवली. तिथे बाबांचा फोटो लागणार, खाली पितळी पाटी. पाटी तयार होती, त्यानं वाचून दाखवली. ‘बाबूराव. शीलासाठी ही नोकरी सोडणारा माणूस.’ शेजारी एक टेबल त्यांच्या नावाचं, त्यावर दारू नाही, आल्याचं सरबत. सांगता सांगता पाटी बाहीनं पुसत होता.
मी पाटीवरून बोट फिरवलं. अक्षरं खोल कोरलीत. वाचता येत नसलं तरी बोटाला लागतात.

१३ नोव्हेंबर
संहिता विचारते, ‘आजी, बोलत का नाहीस? सरबताचं वाईट वाटलं?’
लिही – आजी मेथी निवडतेय.

१४ नोव्हेंबर
हे लिहून झालं की दादाला वाचून दाखव. आणि रडू नकोस, शाई पसरते.
बाबांनी नोकरी सोडली नाही. दीक्षेनंतर आठ वर्षं, शेठनं कुलूप लावेपर्यंत, तिथेच ग्लास धुतले. एक थेंब जिभेला लावला नाही. वस्तीत मात्र सांगायचे, स्टेशनवर काम करतो. दुपारचा डबा मी नेऊन द्यायचे, मागच्या दारानं. तीच शाळेची वेळ. माझा भाऊ शाळेत गेला. मी शाळेतून पळून आले म्हणून सांगते ना सगळ्यांना, ती खरं तर डबा घेऊन या कडीपर्यंत यायचे.
पाटीवर एवढंच घाल म्हणावं – बाबूराव, इथे ग्लास धुवायचे.
आणि उघड म्हणावं. रविवारी मी डबा घेऊन येते. पुढच्या दारानं.