खुडूक तांबडी, पत्र्याची बादली आणि माझा कोयता

मी, जिला सगळी गल्ली अंडीवाली आजी म्हणते, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाला न जुमानता हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. अक्षरांशी माझी ओळख नाही. लिहिणारा शेजारचा कारकून आहे. तो भित्रा आहे. कुठे अक्षर थरथरलं तर ती थरथर त्याची समजावी, माझी नव्हे.

कलम पहिले. मालकांच्या मागे माझ्या नावावर आलेलं दोन खोल्यांचं घर, परस, खुराडं आणि सगळ्या कोंबड्या मी माझ्या लेकीला देते. ती नवऱ्याचा मार खाऊन माघारी आली आहे. तिला इथून कोणीही, विशेषतः माझ्या मुलाने, हलवू नये. "आईचे डोळे मिटले की तुला पोचवून येतो," असं तो तिला माझ्यादेखत म्हणाला आहे. म्हणून हा कागद.

कलम दुसरे. मुलाला पत्र्याची बादली देते. कारण सांगते. आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली. अंड्यांवरून उठेना, हात नेला की रक्त काढी. मुलगा म्हणाला, "थांब आई, हिची खोडच मोडतो." त्याने तिच्या नाकपुड्यांतून पीस आरपार ओवलं आणि पाय बांधून तिला याच बादलीत उलटी बुडवली. वर काढी, पुन्हा बुडवी. लेक दारात उभी होती. म्हणाली, "दादा, मलाही त्यानं असंच बुडवलं होतं. टाकीत." मुलगा हसला. तांबडी सुटली ती निथळत थेट अंड्यांवर जाऊन बसली. बादली त्याने जन्मभर डोळ्यांसमोर ठेवावी.

कलम तिसरे. जावयाला काही नाही. त्याचं जे इथे राहिलं तेही परत मिळणार नाही. तो परसदाराने आला तेव्हा लेक खुराड्यात दडली होती. "बाहेर ये, नाहीतर फरफटत नेईन," म्हणत त्याने आत डोकं घातलं. तांबडी थेट तोंडावर गेली आणि तिने त्याचा डोळा फोडला. त्याने तिला तंगडीला धरून भिंतीवर आपटलं. मग एका हाताने चौकट धरून दुसऱ्याने लेकीची वेणी ओढू लागला. चौकटीवरच्या हातावर मी कोयता घातला. दोन बोटं आत पडली.

कारकून म्हणतो, "आजी, हे असं लिहिता येत नाही." मला येत नाही रे बाबा, तुला येतं. लिही.

बोटं शोधायला जावई वाकला, तोवर कोंबड्यांनी पळवली होती. त्या आठवड्यातली अंडी मी विकली नाहीत, एवढी लाज मला आहे. चौकीत गेला तर टाकीची गोष्ट निघेल म्हणून तो गप्प आहे. पण पुन्हा येईल, हे मी ओळखून आहे.

कलम चौथे. तांबडीला कोणी कापू नये. पंख मोडून लोंबत होता, तरी ती सरपटत जाऊन अंड्यांवर बसली. काल पिल्लं निघाली. खाली साक्षीदार असलेला खाटीक तिला पाहून म्हणाला, "आजी, रस्सा झकास होईल हिचा." त्याला फक्त सही करू द्यावी.

कलम पाचवे. कोयता लेकीला. तिने "नको गं आई, माझा हात कापतो" असं म्हणू नये. कोयता खुराड्याच्या दाराशी उजव्या खुंटीवर असतो. लेक डावखुरी आहे. ऐनवेळी तिला तो शोधत बसता येणार नाही. सबब मुलाने, बहिणीसाठी एवढं तरी, डावीकडे एक खुंटी ठोकून द्यावी.

हे सांगत असताना लेक परसातून ओरडली, ते जसंच्या तसं लिहावं: "आई, त्याला कशाला सांगतेस? ती खुंटी मी कधीच ठोकलीये. कोयताही तिथेच आहे."

सबब खुंटीपुरता मुलाचा उल्लेख रद्द. बादली मात्र त्याचीच.

डाव्या हाताचा अंगठा: अंडीवाली आजी
साक्षीदार: खाटीक (सही), सुईणबाई (अंगठा, माझ्यापेक्षा ठळक)
ठिकाण: परस, खुराड्याशेजारी
दिनांक: पिल्लं निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी