डाळीचं खोडलेलं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ

आज अन्न विभागाच्या पाहणीसाठी गुढियारी वस्तीतल्या अंगणवाडीत गेले. तिथं दोन वर्षांची एक पोट्टी होती, पाय सुजलेले. अंगठ्यानं दाबून पाहिलं तर खळगा पडला अन् तसाच राहिला. डाळ-दूध पोटात गेलं नाही की अशी सूज येते. आईला विचारलं, काय खाते?

"भात त पेट भर खाथे, दीदी."

अन् डाळ? रोज कुठली, म्हणाली. तिच्या गावी धानाच्या बांधावर तूर, उडीद व्हायचा म्हणे. आता सरकार धानच घेते, म्हणून सगळे धानच लावतात. सेविका पोट्टीला उद्या दवाखान्यात नेणार आहे. नेईल ना?

ऑफिसात येऊन अहवालात लिहिलं, शेतकऱ्यांकडून डाळ घ्या अन् ती रेशनवर द्या. साहेबांनी वाक्य खोडलं.

"मॅडम, दाल खेतीवालों का विषय है. चावल पहुँचा ना?"

रेशनचा तांदूळ पोचला होता. पण निदान त्या खळग्याचं तरी सांगायचं होतं. सांगितलं नाही. बदलीची भीती वाटली, खरं तेच लिहिते.

अहवालात आता एवढंच आहे, की या वस्तीत कोणी उपाशी नाही. खाली सही माझी.