वासाचं पाणी

२ सप्टेंबर
तलावाचं पाणी आज काळ्या चहासारखं. कमळाची पानं, जलकुंभी, सगळं सडलंय. शुद्धीकरण केंद्रात फिल्टरच्या वाळूवर शेंबडासारखा थर, हातानेच खरवडला. दोनदा साबण लावूनही बोटांचा वास जाईना. जेवणाचा डबा उघडलाच नाही. ब्लीचिंग पावडरची बादली पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी गाळण्याआधीच, याच घाणीत ओतायला लावली. नेहमीसारखी.

३ सप्टें.
प्रशिक्षणाची वही काढली. माझंच अक्षर : आधी तुरटी, गाळ बसू द्या, गाळा, मग क्लोरीन. सडक्या पाल्यात क्लोरीन पडलं की नको ती रसायनं तयार होतात, वर्षानुवर्षं पोटात जाणं वाईट. साहेबांना दाखवलं.
"मॅडम, लोकांले वास पाह्यजे. वास आला तं औषध टाकलं समजते."
मागे काविळीची साथ आली तेव्हापासून गावाचं हेच शास्त्र. रजिस्टरमध्ये 'पिण्यास योग्य' लिहून मीच सही ठोकली. थू माझ्यावर.

६ सप्टें.
घरी पाहुणे. सासूबाई तांब्या पुढे करून, "घ्या, आमच्या सुनेच्या हातचं पानी आहे." पाहुण्यांनी वास घेऊन मान डोलावली. मी आत, माहेरच्या विहिरीवरून आणलेल्या कॅनमधलं पाणी पीत होते. घरात सांगितलंय, मला नळाचं सोसत नाही. तीन वर्षं झाली. म्हातारीला तेच पाजते, स्वतः मात्र...

७ सप्टें.
सासूबाईंनी कॅन पाहिली. "तुह्या टाकीचं पानी तूच काहून नाई पीत वं?"  भात खाली लागला.

९ सप्टें.
साहेब साकोलीला, तीन दिवस. कुणाला न विचारता क्रम बदलला. पाणी गाळून झाल्यावर पावडर टाकली. 

१० सप्टें.
निम्म्या पावडरीत शेवटच्या नळाला क्लोरीन-चाचणीचा तोच पिवळा रंग! म्हणजे इतके दिवस निम्मी पावडर घाणच खात होती. वास नाही म्हणण्याइतका कमी. नळाचा पेला भरून घटाघट प्याले. कॅन उलटी करून ठेवली.

११ सप्टें.
सकाळपासून केंद्राच्या फाटकावर बाया. "औषध टाकाचं बंद केलं काय वं? आमाले मारून राहिली काय?" रंग दाखवला, समजावलं. एकीने तर पाणी तोंडात घेऊन माझ्यासमोर थुंकलं. ज्या पाण्याची किळस यायला हवी, ते तीन वर्षं आवडीने प्यायल्या!
कुणीतरी साहेबांना फोन केला. साहेबांचा मला : उद्यापासून पहिल्यासारखंच, नाहीतर घरी बसा.
घरी आले तर अंगणात चिखल. पाण्याचा गुंड, कळशी, माठ, सगळं पालथं.
"पान्याले वासच नोयता बाई. मी ओतून देलं," सासूबाई म्हणाल्या. मग हळूच, "तुही कॅन कुठी आहे? त्यातलं दे मले."
कॅन रिकामी होती.

१२ सप्टें., पहाटे
बादली भरून ठेवली आहे. साडेसहाला पंप सुरू करायचा. घाणीत की गाळलेल्या पाण्यात, कुठे ओतायची ते अजून