नव्वद अंशांची चूक

धाहरान (सौदी), लेकीकडे, १२ जाने. ९१
पुण्याहून श्रीधरचं पाकीट. माझा विद्यार्थी, आता माझ्याच खुर्चीत. 'मॅडम, शोधनिबंधावर तुमचं नाव आदराने पहिलं घातलंय.' आदर पुरे, आधी विचारायचं होतंस. महिनाअखेर छापायला जाणार. विषय माझाच: दीर्घिका-समूहाच्या कडेला धक्का बसतो तिथली रेडिओ लहरींची कमान. अकरा वर्षं घातली तिच्यावर.

१३ जाने.
नकाशा पाहिला. डोकं फिरलं. ध्रुवीकरणाच्या रेघा काटकोनात फिरवल्या की चुंबकीय क्षेत्राची दिशा मिळते. मी गुण्या लावून एकेक फिरवत असे. याने संगणकाकडून काढून घेतल्या, फिरवल्याच नाहीत! धक्क्याने दाबलेलं क्षेत्र कमानीलगत धावतं, हे माझं म्हणणं. इथे ते कमानीला आडवं. वर 'आश्चर्यकारक निष्कर्ष' म्हणे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने पट्टीने बोटं सुजवली असती.

१५ जाने.
फोन लागत नाही. सुधारलेला नकाशा जावयाकडे दिला, ऑफिसातून फॅक्स करा म्हणून. संध्याकाळी तसाच परत. कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्यांनी अडवून विचारलं, हे ठिकाण कुठलं, बाण कुणाच्या रोखाने?
"मग सांगायचं ना विनयराव, तीस कोटी प्रकाशवर्षं दूर आहे!"
"सांगितलं, आई. तेव्हाच तर जास्त बिघडलं. माझा इकामा, इथे राहायचा परवानाच जाईल अशाने."

१८ जाने.
काल इराकशी युद्ध पेटलं. विमानतळ बंद. आज भोंगे, विषारी वायूच्या भीतीने दाराखाली ओले टॉवेल. शुभा ओरडली, "आई, कागद सोड, मुखवटा बांध!"
"मेले तर चूक कायमची माझ्या नावावर."
"मेल्यावर तुला कोण विचारतंय?"
"आता तरी कोण विचारतंय?"
लेक माझीच. जीभही.

२३ जाने.
अचानक फोन लागला. "मॅडम! सुखरूप ना? इकडे सगळ्यांना काळजी—"
"काळजी राहू दे. रेघा काटकोनात फिरव, निष्कर्ष बदल."
तो समजुतीच्या सुरात, "तुम्ही तणावात आहात, मॅडम. विश्रांती घ्या."
मूर्ख! म्हटलं, नाहीतर माझं नाव काढ.
"असं कसं? तुमच्या नावामुळेच तर—"
लाइन तुटली.

२४ जाने.
विनयराव आपणहून म्हणाले, नकाशा नको, नुसत्या ओळी द्या, फॅक्स करतो. लिहिलं: रेघा फिरवा, नाहीतर नाव काढा. वाचून म्हणाले, "आई, एकच लिहा. दोन लिहिलंत तर त्यांना सोपं पडेल तेच करतील."
खरं आहे. नाव काढणं सोपं. मग अकरा वर्षं कुणाची? आणि नाही काढलं, तर चूक माझी.
'रेघा फिरवा' ही ओळ खोडली. परत लिहिली. कंपनीची बस हॉर्न देतेय, विनयराव दारात हात पुढे करून उभे, आणि मी 'नाव काढा' खोडून कागद त्यांच्या हातात ठेवतेय.