खंड्याची पिन सुनीतीताईकडे पोचवण्याबाबत

मी, श्रीमती प्रेमला श्यामकांत तामस्कर, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार समता कॉलनी, रायपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तरी मी ते मानलं नसतं. बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉक्टर राधिका यांनी करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या दवाखान्यातलं घड्याळ बंद पडल्याचंही सांगितलं.

कलम १. राहता फ्लॅट मुलगा यशोधन याला. बँकेतली ठेव यशोधन आणि नात ऋता यांना निम्मी-निम्मी. यावरून भांडायचं असल्यास तेलीबांध्याला त्यांच्या घरी भांडावं, माझ्या फोटोसमोर नको.

कलम २. आता मुद्द्याचं. माझ्या कपाटात मीनाकाम केलेल्या छोट्या पिना आहेत. शाळेत मी गाइडच्या मुलींना शिबिरांना नेत असे. तिथे गावोगावच्या मुली एकमेकींशी पिना बदलतात. मुलींपेक्षा मलाच त्याचं वेड लागलं, आणि शिबिरं संपली तरी तिथल्या मैत्रिणींशी टपालाने देवघेव चालू राहिली. यशोधन म्हणतो, सगळ्या एका फ्रेममध्ये चिकटवून भिंतीवर लावू. गोंद लावल्याचं आढळल्यास कलम १ विसरावं. माझ्या पश्चात या पिना त्या मैत्रिणींना टपालाने जाव्यात. प्रत्येक पिनेच्या डबीवर नाव-पत्ता आहे. एकही पिन वाकू नये, एकीचाही रंग उडू नये, एवढीच माझी खरी इच्छा आहे. घरादाराचं काय, ते कोणीही सांभाळतं.

कलम ३. बांधणी अशी करावी. पिनेच्या मागची रबरी टोपी काढावी. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यात पिन टोचावी आणि मागून टोपी परत घट्ट बसवावी. वर मऊ फोमचा तुकडा, त्यावर दुसरा पुठ्ठा. चिकटपट्टी पुठ्ठ्यांभोवती फिरवावी, पिनेला तिचा स्पर्शही होऊ देऊ नये, आणि तिचं टोक दुमडून ठेवावं, म्हणजे उघडणारीला दात लावावे लागत नाहीत. मग प्लास्टिकची पिशवी, बबल रॅप आणि शेवटी खोकं. कानाशी धरून हलवावं. आवाज आला तर पुन्हा उघडावं.

हे सगळं मला यजमानांनी शिकवलं. भनपुरीला एका ट्रान्सपोर्टमध्ये माल बांधून घेणं हे त्यांचं काम. लग्नानंतर मी साध्या लिफाफ्यात पिन टाकताना त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे, कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन आले आणि माझ्याशेजारी खाली बसले. ते गेल्यावरही मी पुठ्ठा कापताना शेजारी जागा सोडून बसते. मला त्यांची रोज आठवण येते.

कलम ४. ते कटर आणि ती पट्टी ऋताला. बांधणीही तिनेच करावी. हे ऐकून ती म्हणाली, "आजी, मैं पैक करूँगी तो आप ऊपर से भी डाँटोगी." तिचा अंदाज बरोबर आहे.

कलम ५. आमच्या इमारतीच्या सचिवांनी, मी जिन्याखाली पुठ्ठे साठवते म्हणून मला दोनदा नोटीस दिली. ते सर्व पुठ्ठे मी त्यांनाच देत आहे. त्यांनी ते स्वखर्चाने हलवावेत.

कलम ६. खंड्या पक्ष्याची निळी पिन थोरली बहीण सुनीतीताई हिला, अमरावतीच्या पत्त्यावर. या पिनेवर तिचा कित्येक वर्षं डोळा आहे. तिला पाठवताना विशेष काळजी घ्यावी, कारण एकदा मी आजारी असताना यशोधनने तिला एक पिन नुसत्या कागदात गुंडाळून पाठवली. टोक बाहेर आलं होतं. ताईचा फोन आला, "तुह्या पोट्ट्यानं मले टोचलं व!" आम्हा पिना बदलणाऱ्यांत रीतच आहे की पाकीट उघडता उघडता पाठवणारीला फोन करायचा. ताई तर कात्री हातात घेण्याआधीच लावते. "प्रेमे, काहून इतकं गुंडाळते व? अर्ध्या घंट्यापासून सोलून राहिली मी!" मग पुठ्ठा सुटल्याचा आवाज येतो आणि ताई लहान मुलीसारखी ओरडते. तो आवाज ऐकायला मी जेवण सोडून बसते.

कलम ७. इथवर लिहून मी साक्षीसाठी शेजारचे हिरालालजी मेश्राम यांना बोलावलं. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात, म्हणून त्यांना चहा आणि चकल्या आताच दिल्या. त्यांनी सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "मॅडम, खंड्या पोचल्यावर सुनीतीताईचा फोन कोणाले येईन?"

मी म्हटलं, "ऋताले."

"अन् तुमाले?"

मी खूप हसले, थोडी रडलेही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती उघडणार, ओरडणार, आणि ऐकायला मी नाही, असली व्यवस्था मी शहाणपणाने, कलमं पाडून करत होते.

सबब कलम २ मधली टपालाची तजवीज, कलम ४ मधली ऋताची बांधणी आणि कलम ६ रद्द. सोमवारपासून सगळ्या पिना मी स्वतः बांधून पाठवणार आहे, पहिला खंड्या. माझ्या पश्चात कपाट रिकामं दिसल्यास चोरीचा संशय घेऊ नये. ज्यांना पाकीट मिळेल त्यांनी उघडण्याआधी फोन करावा. मी घरीच असते.

सही: प्रेमला श्यामकांत तामस्कर

आमच्यासमक्ष, हसत आणि शुद्धीवर असताना सही केली:
१. हिरालाल मेश्राम, शेजारी
२. डॉ. राधिका देशकर

रायपूर, दिनांक १४ नोव्हेंबर २०२४